गेअरची गाडी

प्रयागबाई विचारते, शिस्टर, स्कुटी काहून न्हाई घेतली?
बाईमाणसाला ती सोपी.
मी म्हणते, हिची चाकं मोठी,
खड्ड्यात लसीचा डबा आदळत नाही.
हे अर्धं खोटं. डबा स्कुटीवरही राहिला असता,
पायाशी, लेकरासारखा.

मुजीबभाईला सांगितलं, मायलेज.
बँकेतल्या साहेबाला, रिसेल.
बब्रुवान सरपंचाला काहीच सांगितलं नाही,
नुसतं क्लच सोडताना बघू दिलं.

खरं कारण मातोळ्याच्या पुढं सुरू होतं.
तिथं रस्ता नवा आहे.
सोयाबीन निघून गेलेलं, रान उघडं,
उपड्या तव्यासारखं काळं.
तिसऱ्यातून चौथ्यात जाताना
एक क्षण गाडी कुणाचीच नसते,
ना माझी, ना इंजिनची.
चवडा विचारतो, आणि खालून
खट् असं उत्तर येतं.
दिवसभरात इतकं सरळ उत्तर
मला दुसरं कुणी देत नाही.

आणि वास.
जीपमधून फिरत होते तेव्हा दोनच होते,
डिझेलचा आणि डॉक्टरांच्या तंबाखूचा.
आता कळतं कुठं गुऱ्हाळ पेटलंय,
कुणी रात्रीच्या लाइटीवर हरभऱ्याला पाणी सोडलंय,
तेरणेच्या पुलावर अंगावर येणारा गारवा
नेमका किती हात रुंद आहे.
नदीला पाणी नसलं तरी तो असतो,
जुन्या सवयीनं.

मागं कुणी बसलेलं नसतं, हेही आहेच.
हेल्मेटच्या आत मी
पोर्टल बंद पाडणाऱ्या साहेबाला शिव्या देते,
मोठ्यानं, सावकाश, एकेक निवडून.
मग उपकेंद्राच्या फाटकाशी उतरते तेव्हा
आवाज मऊ झालेला असतो.
बाया म्हणतात, शिस्टर लई शांत.

रविवारी डबा नसतो. तरी निघते.
घराचं वळण सोडून सहा किलोमीटर पुढं,
मैलाच्या एका दगडापर्यंत, ज्याच्यावरचं गावाचं नाव
कुणीतरी खरवडून काढलंय.
तिथून परत.
त्या पेट्रोलचा हिशेब मी मायला देत नाही.

माय.
मी सात महिन्यांची तिच्या पोटात होते,
गणपती बुडवून गाव झोपलं त्या रात्री.
चार वाजायच्या आत जमीन हलली.
उकडत होतं म्हणून ती दारात झोपली होती,
म्हणून ती आहे, म्हणून मी आहे.
अजूनही दारातच झोपते.
ट्रक गेला, फळीवरचं भांडं वाजलं,
की उठून अंगणात.
आमच्या नव्या गावात घरं ओळीनं आहेत, नंबर टाकलेली,
मधे इतकी मोकळी जागा
की सगळ्यांना एकदम पळता यावं.

थरथर हा शब्द आमच्याकडं
चांगल्या अर्थानं कुणी वापरत नाही.
मग तिला कसं सांगायचं
की मला तीच आवडते,
मुठीतून कोपरापर्यंत चढणारी,
दातांत बारीक वाजणारी,
घरी येऊन ताटावर बसले तरी
बोटांत अर्धा तास रेंगाळणारी,
की भाकरी मोडताना वाटतं
हात अजून रस्त्यावरच आहेत.

काल दिवस मावळता
गाडी चालू ठेवून मी फाटक लावत होते.
वळले तर ती टाकीवर तळहात टेकवून उभी,
पदराचं टोक दातांत.
म्हणाली, हे थरथरायलंय.
म्हटलं, हो.
म्हणाली, चावी फिरवली की थांबतंय का?
मी फिरवली.
थांबलं.

तिनं हात काढला नाही.
थोड्या वेळानं म्हणाली,
परत लाव बघू.